‘पत्री’ नावाचा डाग

साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला की कृष्णाकाठच्या गावांत बैलांना पत्री मारायची लगबग सुरू होते. दोरखंडाचा फास टाकून बैलाला आडवा पाडतात, पाय जुळवून बांधतात. मग खूर तासून सपाट केला जातो आणि नखीवर लोखंडाची चपटी पत्री बसवून ती खिळ्यांनी ठोकली जाते. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन पत्र्या लागतात. खिळा नखीच्या निर्जीव भागातच जावा लागतो; जरा आत गेला की जनावर लंगडू लागतं. डांबरी सडकेवरून उसाची गाडी ओढायची तर याला पर्याय नाही.

हेच काम माणसांच्या पायांवर केलं जातं, अशी वदंता १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्हाभर पसरली होती. आज सातारा आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला तो मुलूख तेव्हा एकच जिल्हा होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथे इंग्रजांना न जुमानणारी लोकांची राजवट उभी राहिली आणि तिच्या कारभाराचं एक मुख्य ठाणं होतं कुंडल. कार्यकर्ते तिला ‘प्रतिसरकार’ म्हणत. गावोगावच्या बोलण्यात मात्र ‘पत्री सरकार’ हेच नाव रूढ झालं. ‘प्रति’चा उच्चार बदलत ‘पत्री’ झाला, असं काही जण मानतात. गुन्हेगाराच्या तळपायांना पत्र्या ठोकतात म्हणून ‘पत्री’, असं बाकीचे सांगतात. चळवळीतल्या माणसांनी पुढे वारंवार खुलासा केला, की शिक्षा होती ती तळपायांवर काठीने मारण्याची, खिळे ठोकण्याची नव्हे. तरीही नाव चिकटलं ते चिकटलंच. ते सरकार संपून पाऊणशेहून अधिक वर्षं झाली, पण त्या नावाचा निकाल अजून पुरता लागलेला नाही. तो डाग होता की भूषण? आणि डाग असेल, तर लावला कुणी?

मराठीत ‘डाग’ तीन प्रकारचा असतो. कापडावर पडतो तो डाग. धुतला तर जातो, निदान फिका पडतो. तापल्या लोखंडाने देतात तोही डाग, म्हणजे डागणी. तिचा व्रण कातडीवर जन्मभर राहतो. आणि बाईच्या अंगावर चार डाग आहेत असं म्हणतात, तेव्हा ते सोन्याचे असतात. इंग्रजीतला ‘स्मिअर’ मुळात चरबी किंवा ओंगण फासण्याचा शब्द. राजकारणात तो बदनामीसाठी वापरला जाऊ लागला तरी त्याची झेप फासण्यापलीकडे गेली नाही. कुंडल आणि भोवतालच्या मुलखाने हे तिन्ही डाग पाहिले आहेत, आणि त्यांची गल्लत केली की इतिहासाचा हिशेब चुकतो.

कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्या संस्थानाचे चार विखुरलेले तुकडे, आणि कुंडलच्या चारी बाजूंना परका मुलूख. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी घटना लागू केली होती. याच भागात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिच्या रेल्वे स्टेशनाचं जुनं नाव ‘कुंडल रोड’. म्हणजे गावाला पंचायतीच्या कारभाराची सवय होती, जवळच कारखान्यात शिकलेले हात होते, आणि संस्थानी हद्द असल्याने इंग्रजी पोलिसांना धाड घालताना दहा वेळा विचार करावा लागे. प्रतिसरकार इथेच का रुजलं, याचं बरंचसं उत्तर या भूगोलात सापडतं.

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कऱ्हाड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशा ठिकाणच्या तालुका कचेऱ्यांवर लोकांचे निःशस्त्र मोर्चे गेले. तासगावच्या कचेरीवर ३ सप्टेंबरला तिरंगा चढला. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण धारातीर्थी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळ्या चालल्या. त्यात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या गेले. बदनामीच्या आरोपपत्रात हे प्रकरण सहसा नसतं. ज्यांना नंतर ‘दरोडेखोर’ ठरवण्यात आलं ती माणसं आधी हात मोकळे ठेवून कचेरीच्या दारात उभी होती, हे विसरून पुढचं काहीच समजत नाही.

डाग लावण्याचं काम दिल्लीत पद्धतशीर चाललं होतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने एक पुस्तिका छापली आणि बेचाळीसच्या सगळ्या उत्पाताची जबाबदारी काँग्रेसवर टाकली. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी त्याच वर्षी जुलैत तिला सविस्तर उत्तर लिहिलं. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र उत्तर देणारं कुणी नव्हतं. तिथे पोलीस ठाण्यातली नोंद हेच अंतिम सत्य, आणि नोंदीत कलम असे ते दरोड्याचं, लुटीचं, मारहाणीचं. राजकीय बंडाला फौजदारी कलमाचं नाव दिलं की बंडामागचं कारण विचारायची गरज उरत नाही. इंग्रजांची ही रीत जुनी होती. उमाजी नाईक यांच्या बंडानंतर कॅप्टन मॅकिन्टॉशने १८३३ मध्ये रामोशी समाजावर अख्खं पुस्तक लिहिलं. वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये पकडले गेले तेव्हा त्यांच्याही नावावर दरोडे होते. जन्मठेप भोगत ते १८८३ मध्ये एडनला वारले. आज फडक्यांना दरोडेखोर म्हणायला कुणाची जीभ धजणार नाही. साताऱ्याच्या मातीतल्या बहुजन कुणब्यांच्या पोरांना मात्र हा न्याय मिळायला फार उशीर लागला. हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

शेणोलीची गोष्ट याच संदर्भात वाचायला हवी. ७ जून १९४३ रोजी तूफान सेनेच्या तुकडीने शेणोलीजवळ रेल्वे अडवली आणि सरकारी पगाराचा पैसा काढून घेतला. तूफान सेना ही प्रतिसरकारची लढाऊ फळी. जी. डी. बापू लाड तिचे फील्ड मार्शल, तर रामचंद्र श्रीपती लाड कॅप्टन. दोघेही कुंडलचे. रामचंद्र लाडांना सारा मुलूख ‘कॅप्टन भाऊ’ म्हणून ओळखायचा. पत्रकार पी. साईनाथ त्यांना भेटले तेव्हा भाऊ नव्वदी ओलांडलेले होते, पण ‘लूट’ हा शब्द त्यांनी त्या वयातही ठामपणे नाकारला. पैसा हिंदी जनतेचा होता, इंग्रजांनी तो लुटला होता, आम्ही तो परत आणला, असं त्यांचं म्हणणं. सत्तर वर्षांनंतरही त्यांनी एका शब्दाची दुरुस्ती करून घेतली. २०२२ मध्ये भाऊ गेले. शेणोलीला रूळांच्या बाजूला त्या घटनेचं स्मारक उभं आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्यावर हल्ला झाला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात सांगतात. घरापासून इतक्या दूर जाऊन, खानदेशातल्या साथीदारांच्या मदतीने केलेला हा डाव. पैशाला हात लागला की माणूस घसरतो, असा अनुभव सगळ्याच चळवळींना येतो. म्हणून या पैशाचा हिशेब हा प्रतिसरकारच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि कार्यकर्त्यांना त्याची पक्की जाण होती.

कारण खरे दरोडेखोरही याच डोंगरदऱ्यांत फिरत होते. बेचाळीसच्या धामधुमीत पोलिसांचा वचक उडाला आणि टोळ्यांनी हात धुऊन घेतले. काहींनी चळवळीचं नाव सांगून गावं नागवली, तर काहींना भूमिगतांची खबर आणण्याच्या बोलीवर पोलिसांचं अभय मिळालं. प्रतिसरकारच्या पहिल्या मोठ्या लढाया या टोळ्यांशी झाल्या. त्या मोडून काढल्या तेव्हाच बायाबापड्यांना वाटेने निर्धास्त चालता येऊ लागलं, आणि लोकांचा विश्वास बसला तो तिथेच. दरोडेखोर म्हणून ज्यांच्यावर वॉरंटं होती, त्यांनीच दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. पुढे गावोगाव न्यायदान मंडळं बसली, कज्जे गावातच मिटू लागले, दारूभट्ट्या बंद पडल्या, सावकारीला लगाम बसला. हुंडा आणि मानपानाला फाटा देऊन थोडक्या खर्चात लागणारी ‘गांधी लग्नं’ झाली. जी. डी. बापूंनी स्वतःचं लग्नही कुंडलला त्याच पद्धतीने केलं.

या कारभारात बायका कुठे होत्या, हे विचारलं की हौसाताई पाटलांचं नाव घ्यावं लागतं. त्या नाना पाटलांच्या कन्या. एका पोलीस चौकीसमोर त्यांनी आणि एका साथीदाराने नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग वठवलं. ‘नवरा’ धोंडा उचलून अंगावर धावला, ‘बायको’ ओरडत सुटली, शिपाई सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात मागून शिरलेल्या साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. चारचौघांत नवऱ्याचा मार खाणारी बाई म्हणून उभं राहायला त्या काळी मोठं धैर्य लागत असे. अब्रूला लोक किती जपत, हे ज्यांना आठवतं त्यांना याची किंमत कळेल. २०२१ मध्ये त्या वारल्या.

आता अवघड भाग. शिक्षा खरोखर होत होत्या. माणसाला आडवं पाडून, पाय बांधून तळव्यांवर काठ्या मारल्या जात. तो कित्येक दिवस जमिनीवर पाय टेकू शकत नसे. खबऱ्या, बाईची अब्रू घेणारा, दमदाटी करणारा सावकार, टोळीवाला, अशांना ही शिक्षा होई. खिळे नव्हते म्हणून ती सौम्य ठरत नाही. ज्यांना मार बसला त्यांतले सगळे खरोखर दोषी होते का, हा प्रश्न रास्त आहे. त्या माणसांची बाजू छापील पानांवर फार कमी येते. गांधीजींची नापसंतीही लपून राहिलेली नव्हती. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड्यावर येण्याचं आवाहन केलं, आणि गुप्तता त्यांना मुळातच मान्य नव्हती. देशभर अनेकांनी ते ऐकलं. साताऱ्याच्या नेत्यांनी त्यांचा मान राखला, पण काम थांबवलं नाही. १९४५ मध्ये चळवळीतले किसन अहिर आणि नानकसिंग हे पोलिसांशी लढताना मारले गेले. वाळव्याच्या सहकारी साखर कारखान्याला आज अहिरांचं नाव आहे.

या सगळ्याचा ताळेबंद अभ्यासकांनी कसा मांडला? ए. बी. शिंदे यांचं साताऱ्याच्या समांतर सरकारवरचं इंग्रजी पुस्तक १९९० मध्ये आलं. त्याआधी गेल ऑम्व्हेट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बेचाळीसवरच्या एका निबंधसंग्रहात प्रतिसरकारवर लिहिलं. अमेरिकेत जन्मलेल्या गेल कासेगावच्या सून. सासरे बाबूजी पाटणकर आणि सासू इंदुताई हे दोघेही या चळवळीतले. त्यांच्या मांडणीतला कळीचा मुद्दा सत्यशोधक वारशाचा आहे. जोतीराव फुल्यांच्या विचारांचे जलसे या गावांत आधीच होऊन गेले होते, शेटजी-भटजींविरुद्धचा असंतोष मुरलेला होता. प्रतिसरकारने त्या असंतोषाला स्वराज्याची दिशा दिली. नाना पाटील स्वतः तलाठ्याची नोकरी सोडून आले होते. गावचा दप्तरी कारभार कसा चालतो आणि नाडणूक कुठे होते, हे त्यांना आतून ठाऊक होतं. या मांडणीपुढे ‘दरोडेखोरांची टोळी’ हे सरकारी चित्र टिकत नाही.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली आणि नाना पाटील कऱ्हाडला लोकांसमोर प्रकट झाले. पुढे ते दोनदा लोकसभेवर गेले, १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून. जी. डी. बापू १९५७ मध्ये आमदार झाले. कुंडलचा क्रांती साखर कारखाना त्यांनीच उभा केला. नेत्यांवरचा डाग असा धुतला गेला. साध्या कार्यकर्त्याचं काय?

त्याचं उत्तर पेन्शनच्या फायलीत आहे, आणि ते विलक्षण आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला, १९७२ मध्ये, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केलं. १९८० मध्ये त्याची सन्मान योजना झाली. तुरुंगवास झालेल्यांना तुरुंगाचा दाखला होता. भूमिगताने पुरावा कशाचा द्यायचा? ज्याचं सगळं कौशल्य कागदावर न येण्यात होतं, त्याला चाळीस वर्षांनी कागद मागितला गेला. नियम असा, की अर्जदार सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत असला पाहिजे, आणि तो सरकारने जाहीर केलेला फरारी गुन्हेगार असावा, किंवा त्याच्यावर बक्षीस लावलेलं असावं, किंवा त्याच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघालेला असावा. म्हणजे इंग्रजांच्या फौजदाराने ज्याच्या नावापुढे काळी शाई ओतली, तो सन्मानाला पात्र. ज्याला पकडायचं आहे हेच पोलिसांना कळलं नाही, रात्री भाकऱ्या पोचवणारी बाई, निरोप नेणारं पोर, अंधारात वाट दाखवणारा गुराखी, हे नियमाबाहेर. ज्याच्यावर डाग त्याच्याच अंगावर दागिना. प्रतिसरकारसारखी चळवळ अशाच बिनडागी माणसांवर उभी असते, आणि योजनेच्या चौकटीत नेमकी तीच मावली नाहीत. या अन्यायाची चर्चा व्हायला हवी तितकी कधीच झाली नाही.

न्यायालयांनी थोडा दिलासा दिला. गुरदियाल सिंग खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फौजदारी खटल्यात लागतो तसला काटेकोर पुरावा या वृद्धांकडून मागू नये. दुसऱ्या बाजूने बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण उघडकीला आलं. न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाने चौकशी केली आणि २००५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेलं. खोट्या दाखल्यावर घेतलेलं पेन्शन हा तर खऱ्या सैनिकांच्या नावाला लावलेला बट्टा. त्यामुळे दाखल्यांची छाननी आणखी कडक झाली आणि भार पुन्हा खऱ्यांवरच पडला.

कृष्णाकाठचा एक डाग मात्र परक्याने लावलेला नाही. गांधीजींच्या खुनानंतर फेब्रुवारी १९४८ च्या सुमारास सातारा, सांगली, कोल्हापूर भागात गावोगावी ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्यात जळाला. इस्लामपूरला ज्या वाडीचा इंजिनिअर छातीवर गोळी झेलतो, तीच वाडी साडेपाच वर्षांनी आगीत सापडते. खुनाशी काडीचा संबंध नसलेली कुटुंबं रातोरात पुण्या-मुंबईला गेली आणि पुष्कळ जण परत आलेच नाहीत. त्या दिवसांवर कादंबऱ्या निघाल्या, आठवणी छापल्या गेल्या, पण गावांनी मोकळेपणाने बोलणं टाळलं. प्रतिसरकारच्या शौर्याची आठवण जितक्या अभिमानाने सांगितली जाते, तितक्याच स्पष्टपणे हेही सांगितलं गेलं पाहिजे. दोन्ही एकाच मुलखाचा इतिहास आहे.

राहिली डागणी. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसाच्या कृत्याऐवजी त्याच्या जन्मावर गुन्हा नोंदवला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. याच वारणा-कृष्णेच्या खोऱ्यात मांग आणि रामोशी समाजाच्या माणसांना गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. गावात चोरी झाली की पहिली धाड त्यांच्या वस्तीवर. वाटेगावला १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले अण्णा भाऊ साठे हे पाहतच वाढले. सरकारदरबारी दरोडेखोर ठरलेल्या माणसाला त्यांनी १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीचा नायक केला आणि ती बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली.

सत्ता बदलली तशी जी. डी. बापूंवरची वॉरंटं रद्द झाली. जमातींवरचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं जिवंत होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो गेला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर त्याच पालांवर खिळून राहिली. विमुक्त असं नवं नाव मिळालं. संशय जुनाच राहिला. कुंडलच्या लढवय्यांची बदनामी पुसायला इतिहासकार, सत्ता, साखर कारखाने, स्मारकं असं पुष्कळ काही पाठीशी होतं. पालावरच्या माणसाच्या पाठीशी यांतलं काहीच नव्हतं. दोन्ही डाग एकाच सरकारने, एकाच फौजदारी भाषेत लावले होते, म्हणून ही तफावत अधिक बोचते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कलमं घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मावरून सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींवरही न्यायालयाने बोट ठेवलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, नियमावल्या तीन महिन्यांत दुरुस्त करा, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना पोलिसांनी मनमानी अटक करू नये, असे आदेश त्यात आहेत. रकाना नोंदवहीतून काढता येतो. एखाद्या गावात रात्री मोटारपंप चोरीला गेला, तर सकाळी पोलिसांची गाडी कुठल्या वस्तीकडे वळते, यावर या निकालाची अंमलबजावणी तपासावी लागेल.